गोटीची बेंबी

साठी उलटून गेल्यावर एखाद्या गृहस्थानें गोट्या जमवावयास लागावें, हें ऐकून वाचकांस हंसूं आलें तर आम्हांस त्याचा मुळींच राग येणार नाहीं. आमच्या घरांतील लहानथोर सर्व मंडळी हंसलीच. थोरले बंधु म्हणाले, "मुलांनीं गोट्या खेळूं नयेत म्हणून तूं जन्मभर शाळेंत छड्या मारल्यास, त्यांची फेड चालली आहे वाटतें!" आमच्या सौभाग्यवतींनीं कपाटाचा एक खण गेला एवढेंच दुःख प्रगट केलें, आणि आपल्या नातवंडांस आजोबांच्या गोट्यांस हात लावावयाचा नाहीं अशी उलटी ताकीद दिली. परंतु हा छंद आम्हांस कोठें जडला, त्यापायीं आम्ही काय शिकलों, आणि त्या शिक्षणानें आम्हांस आमच्याच घरांत आरोपीच्या पिंजऱ्यांत कसें उभें केलें, ती हकीकत हंसण्यासारखी नाहीं. म्हणूनच ती येथें सांगावीशी वाटते.

प्रथम एका डब्याविषयीं सांगितलें पाहिजे. आमचें कुटुंब अद्यापि एकत्र आहे. पुण्याच्या पेठेंतील आमचा जुना वाडा पडून त्या जागीं इमारत उभी राहिली, तरी दोन मजले मिळून चूल एकच आहे, आणि त्या चुलीवर अधिकार आमच्या आत्याबाईंचा. त्यांस यंदा नव्वदावें वर्ष लागलें. त्यांच्या कपाटांत, लुगड्यांच्या घडीखालीं, पत्र्याचा एक लहानसा डबा असतो. त्यांच्याहून तीन वर्षांनीं वडील असा त्यांचा भाऊ बापू १९४१ सालीं विषमज्वरानें गेला, तेव्हां तो नऊ वर्षांचा होता. त्याची एकहि तसबीर घरांत नाहीं. त्याची पाटी होती, ती पुढें आम्हां भावंडांच्याच हातून फुटली. सदरे कोणा गरजूस देण्यांत आले. राहिल्या त्या त्याच्या अकरा गोट्या. दरवर्षीं दिवाळीच्या साफसफाईंत आत्याबाई तो डबा काढीत, ओल्या फडक्यानें एकेक गोटी पुशीत, मोठ्यानें अकरापर्यंत मोजीत, आणि झांकण लावून पुन्हां लुगड्यांखालीं ठेवून देत. हा विधि आम्हीं लहानपणापासून पाहिलेला. त्यांतील कांहीं गोट्या बापूच्या मामांनीं मुंबईहून आणल्या होत्या, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. मामा तेथें एका परदेशी पेढींत कारकून होते.

आतां एकदम सातासमुद्रांपलीकडे जावयाचें. आमची कन्या व जांवई अमेरिकेंत ओहायो राज्यांत, ॲक्रन शहराजवळ राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे चार महिने राहून आलों. परदेशीं जाणारा मनुष्य मोठमोठे धबधबे, पुतळे व पूल पाहून येतो. आम्हीं मन लावून पाहिलें तें शेजाऱ्यांचें तळघर. शेजारी म्हणजे रबराच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ. त्यांच्या तळघरांत भिंतीस लावून उथळ खणांचीं कपाटें होतीं, आणि प्रत्येक खणांत, सोनाराच्या पेटींत मणी असावे तशा, कापसावर बसविलेल्या गोट्या. जगाला ॲक्रन शहर ठाऊक आहे तें गाडीच्या रबरी चाकांसाठीं. परंतु याच शहरांत १८८४ सालीं सॅम्युअल डाइक या गृहस्थांनीं मातीच्या गोट्यांचा कारखाना काढला, आणि याच शहरीं मार्टिन क्रिस्टेन्सन नांवाच्या डेन्मार्कहून आलेल्या कारागिरास कांचेच्या गोट्या वळण्याच्या यंत्राचें पेटंट १९०५ सालीं मिळालें. तेव्हां शेजाऱ्यांचा छंद हा एका अर्थीं त्यांच्या गांवचा कुळधर्मच म्हणावयाचा.

पहिल्या दिवशीं त्यांनीं आमच्या तळहातावर दोन गोट्या ठेविल्या आणि विचारिलें, "यांतील हातची कोणती?" एक अत्यंत सुंदर, पिवळ्या व तांबड्या पट्ट्यांची, मोत्यासारखी गोल. दुसरी किंचित् वांकडी, एके ठिकाणीं खडबडीत, पोटांत बारीक बुडबुडे. हस्तकौशल्याविषयीं आमच्या मनांत जो आदर होता, त्यास अनुसरून आम्हीं सुंदर गोटीकडे बोट दाखविलें. म्हातारबोवा हंसले. म्हणाले, "डोळे मिटा आणि आंगठा फिरवा." आंगठा फिरविला, तों दुसऱ्या गोटीच्या एका टोंकास कांहीं टोंचलें, गोटी उलटी केली, तों दुसऱ्या टोंकासहि तशीच खरखर. "ही हातची," ते म्हणाले. त्या खुणेस त्यांच्या भाषेंत एक परका शब्द आहे. आम्हीं मनांतल्या मनांत तिचें नांव ठेविलें बेंबी. मुलाची नाळ जेथें तुटते तेथें जशी खूण राहते, तशीच ही कांचेची नाळ तुटल्याची खूण आहे. पुढें जें जें शिकलों तें सर्व या एका खुणेभोंवतीं फिरत होतें.

ही नाळ कोठली, हें कळण्यास गोटी कशी बनत असे हें पाहिलें पाहिजे. जर्मनींतील थुरिंजिया प्रांतांत डोंगराळ भागांत लाउशा नांवाचें एक गांव आहे. तेथें १५९७ सालीं हान्स ग्रायनर व ख्रिस्टोफ म्युलर यांनीं कांचेची भट्टी घातली, आणि तेव्हांपासून तें सारें गांव कांचेवर जगत आलें. नाताळच्या झाडास टांगावयाचे कांचेचे गोळे याच गांवचे. आणि १८३५ पासून माणसांस लावावयाचे कांचेचे कृत्रिम डोळेहि तेथें होऊं लागले. याच गांवीं ग्रायनर घराण्यांतील एका कारागिरानें, एलियास ग्रायनरानें, १८४६ च्या सुमारास गोट्या कापण्याची एक विशेष कात्री काढली, आणि तेथून पुढें पाऊणशें वर्षें जगांतील मुलांच्या खिशांत लाउशाच्या व आसपासच्या गांवांच्या गोट्या खुळखुळत राहिल्या.

कृति अशी. कांचेचा रस दिसावयास आपल्या पाकासारखाच. गोळीबंद पाकाची तार जशी ओढली जाते तशी कांचहि ओढली जाते, मात्र तिचा चटका पाकाच्या चटक्याहून कितीतरी पटींनीं भयंकर. लोखंडी सळईच्या टोंकास कांचेचा गोळा घ्यावयाचा. त्याभोंवतीं पांढऱ्या अथवा रंगीत कांचेच्या बारीक काड्या उभ्या चिकटवावयाच्या. वरून पुन्हां पारदर्शक कांचेचें पूट चढवावयाचें. त्यावर पाहिजे तर आणखी रंगाच्या काड्या. आणि मग तो सारा गोळा तापवून, ओढून, वातीला पीळ द्यावा तसा पिळावयाचा. झाली पट्ट्यांची एक लांब कांडी. तिचें टोंक पुन्हां तापवून मऊ करावयाचें आणि त्या कात्रींत धरावयाचें. या कात्रीच्या एका पात्यास गोटीएवढी वाटी असते; वाटींत टोंक फिरवीत फिरवीत गोल करीत जावयाचें आणि मान बारीक होत होत तोडून टाकावयाची. मग पुढची गोटी, मग तिच्या पुढची. कांडीच्या मधल्या प्रत्येक गोटीला म्हणूनच दोन बेंब्या; एक आधींच्या भावंडापासून तुटल्याची, दुसरी मागच्यापासून. तुटलेल्या गोट्या एकदम थंड केल्या तर तडकतात, म्हणून त्या पुन्हां भट्टीच्या उबेंत हळूहळू निवूं द्यावयाच्या. आमच्या आजोबांनीं तळेगांवच्या पैसा फंडाच्या कांच कारखान्यास, तो १९०८ सालीं निघाला तेव्हां, आपला पैसा दिला होता, आणि एकदां भट्टी पाहूनहि आले होते. कांच "निववावी" लागते, हा शब्द त्यांच्या तोंडीं असे असें वडील सांगत. तो अर्थ आम्हांस कळावयास ॲक्रनचें तळघर लागलें.

बेंबीचेहि प्रकार आहेत. कांहीं नुसत्या तुटलेल्या व टोंचणाऱ्या, कांहीं पुन्हां आंच देऊन वितळवून गुळगुळीत केलेल्या, आणि कांहीं, विशेषतः मोठ्या व जुन्या गोट्यांवर, चाकावर घासून सपाट केलेल्या. एकेक गोटी सळईवर स्वतंत्र घेऊन केलेली असेल तर बेंबी एकच. पांढऱ्या मातीची लहानशी मूर्ति पोटांत असलेल्या ज्या मोठ्या गोट्या असतात, सिंह, कुत्रा, मेंढी, पक्षी, क्वचित् मनुष्य, त्यांस एकच बेंबी असते. आणि मूर्तीभोंवतीं हवेचें पातळ कवच राहिलेलें असल्यामुळें माती असूनहि ती रुप्यासारखी चमकते. आम्हांस त्यांतील एक मेंढी फार आवडली होती. किंमत ऐकून आम्हीं ती परत कापसावर ठेविली.

यंत्राची गोटी याहून सर्वस्वीं निराळी. क्रिस्टेन्सनच्या यंत्रांत तप्त कांचेचा गोळा खांचणी असलेल्या चाकांमध्यें पडे आणि सर्व बाजूंनीं फिरत फिरत गोल होऊन बाहेर येई. रस ओतणारा व तोडणारा तेथें मनुष्यच असे. म्हणून त्या पहिल्या यंत्री गोट्यांच्या एका टोंकास इंग्रजी नवाच्या आंकड्यासारखें वळण व दुसऱ्या टोंकास तोडल्याची एक रेघ दिसते. परंतु ती रेघ गोटीच्या अंगांत मुरलेली असते, आंगठ्यास लागत नाहीं. क्रिस्टेन्सनचा कारखाना १९१७ त बंद पडला. त्यापूर्वींच १९११ त ॲक्रन येथें ॲक्रो अ‍ॅगेट नांवाची दुसरी मंडळी निघाली होती; ती १९१४ त पश्चिम व्हर्जिनियांतील क्लार्क्सबर्ग गांवीं गेली आणि १९५१ पर्यंत चालली. त्याच १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, जर्मनीचा माल अमेरिकेंत येईनासा झाला, आणि यंत्रांस रान मोकळें मिळालें. लाउशाच्या कात्र्या युद्धानंतर अगदींच गंजल्या नाहींत; परंतु तो जुना जोर पुन्हां आला नाहीं. म्हणून नव्या माणसानें ठोकळ मानानें असें धरून चालावें कीं, बेंबी असलेली गोटी ही बहुधा पहिल्या महायुद्धापूर्वींची.

"बहुधा" हा शब्द आम्हीं जपून घातला आहे, कारण त्या एका शब्दाच्या अभावीं आमचे चाळीस डॉलर गेले. तेथें रविवारीं मोकळ्या पटांगणांत आपल्या जुन्या बाजारासारखा बाजार भरतो. आपल्या बाजाराप्रमाणेंच तेथेंहि विकणारा मनुष्य माल न बघतां गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो. एका मांडणीवर आम्हांस एक गोटी दिसली. पांढऱ्या अंगावर तांबडा पट्टा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत नागासारखा वेढे घेत गेलेला. पीळ आहे, म्हणजे कांडी पिळली असली पाहिजे. कांडी पिळली, म्हणजे हातची! असा तर्क चालवून आम्हीं पैसे मोजले. आंगठा फिरवावयाचें भानच राहिलें नाहीं. शेजाऱ्यांनीं ती हातांत घेतली आणि काहीं न बोलतां एक खण उघडला. त्यांत तशा तीस-चाळीस. ॲक्रो मंडळीच्या यंत्रांत रंगीत कांच पडतां पडतांच गरगर फिरविली जाई, त्यामुळें हा नागमोडी पट्टा उमटे. सुंदर खरा, पण बेंबी कोठें आहे? तेव्हांपासून तर्काच्या आधीं आंगठा, असा आम्हीं आपल्यापुरता नियम केला.

आणखी एका ठिकाणीं आम्ही फसलों, पण तेथें दोष आमच्या स्वदेशाभिमानाचा होता. काळ्याभोर अंगावर तांबडे, निळे, हिरवे पट्टे असलेली एक गोटी दाखवून म्हातारबोवा म्हणाले, "ही तुमच्याकडची. हिला इंडियन म्हणतात." आम्हांस भरून आलें. फिरोजाबाद कीं खंबायत, अशीं गांवें आमच्या डोळ्यांसमोर उभीं राहिलीं. ते मिस्किलपणें हंसत होते. ती गोटी जर्मनीचीच. नांव तेवढें आमचें. नांवांचा हा घोळ या छंदांत पदोपदीं भेटतो. ज्या कांचेंत तांब्याचे सूक्ष्म स्फटिक सोन्याच्या कणांसारखे चमचमतात त्या कांचेचे पट्टे असलेल्या गोट्यांस लुट्झ म्हणतात. निकोलस लुट्झ हा अमेरिकेंतील एका प्रसिद्ध कांच कारखान्याचा निष्णात कारागीर, परंतु त्यानें गोटी केल्याचा पुरावा नाहीं, आणि त्या गोट्याहि जर्मनीच्याच समजतात. दगडाच्या गोट्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या अकीकाच्या, जर्मनींतील इडार-ओबरस्टाइन येथें हातानें चाकावर घासून गोल केलेल्या. भिंगाखालीं धरल्या तर सर्वांगावर घासल्याचे लहान लहान पैलू दिसतात. त्यांस बेंबी शोधणें व्यर्थ. दगड कांहीं कांडीवरून तोडीत नाहींत.

खेळून खेळून गोटीच्या अंगावर अर्धचंद्राकृति बारीक व्रण पडतात. नवशिक्याला ते पुसून टाकावेसे वाटतात, आणि तेथें घासून झिलई देणारे लोकहि आहेत. आमच्या शेजाऱ्यांजवळ अशी एक झिलई दिलेली गोटी होती. ती ते मुद्दाम सर्वांस दाखवीत. पाणीदार, निष्कलंक, आणि बेंबी घासली गेल्यामुळें आतां ती कालची कीं शंभर वर्षांपूर्वींची हें तिच्या तोंडून कोणीहि वदवूं शकणार नाहीं. कारण हल्लीं हौसेनें हातानें गोट्या करणारे कारागीर अमेरिकेंत पुष्कळ आहेत आणि त्यांचें काम जुन्यापेक्षां सरस असतें. बरेचजण प्रामाणिकपणें आपली सही गोटीच्या बुडाशीं कोरतात. सही घासून टाकणारा तिसराच कोणी असतो.

आतां जें सांगावयाचें त्यासाठींच एवढा पाल्हाळ लावला. निघण्याच्या आठवड्यांत म्हातारबोवांनीं सर्वांत खालचा खण उघडला. त्यांत पारदर्शक गोट्या होत्या. प्रत्येकीच्या पोटांत फुलाच्या पाकळ्यांसारखीं रंगीत पातीं. आम्ही उद्गारलों, "या तर आम्ही लहानपणीं खेळत होतों! या फार जुन्या असतील." ते म्हणाले, "यांस मांजराचे डोळे म्हणतात. या जपानी लोकांनीं काढल्या. आमच्या देशांत त्या १९५० च्या सुमारास आल्या. त्यापूर्वींची एकहि कोणास दाखवितां यावयाची नाहीं."

आम्हीं मान डोलाविली, आणि त्याच क्षणीं आमच्या पोटांत धस्स झालें. पत्र्याच्या डब्यांत, लुगड्यांच्या घडीखालीं, बापूच्या अकरा गोट्यांमध्यें मांजराचे डोळे होते. बापू गेला १९४१ सालीं.

त्या गोट्या तेथें कशा आल्या हें आम्हांस विचारावयास कोणाकडे जावें लागणार नव्हतें. १९६७ च्या उन्हाळ्याच्या सुटींत, आम्ही नऊ वर्षांचे असतांना, आत्याबाई चार दिवस आळंदीस गेल्या होत्या. वाड्यामागच्या बोळांत रिंगण आंखून गोट्यांचा डाव रंगला होता. आमच्या सर्व गोट्या गेल्या होत्या. डबा कोठें असतो हें ठाऊक होतें. प्रथम एक घेतली, ती गेली. ती परत मिळवावयास दुसरी घेतली, तीहि गेली, आणि तिसरी. पैकीं एक अद्यापि डोळ्यांपुढें आहे. स्वच्छ कांच, आंत पांढऱ्या शेवयांचें विणलेलें जाळें, वर तांबड्या व हिरव्या रंगाचे दोन दोन पट्टे. नेम धरतांना ती आमच्या आंगठ्यास टोंचत असे, आणि म्हणूनच ती आम्हीं सर्वांत आधीं डावाला लाविली. मग आत्याबाई येण्याच्या आदल्या संध्याकाळीं कोपऱ्यावरच्या दुकानांतून तीन नव्या गोट्या घेऊन आम्हीं संख्या अकरा केली. आत्याबाईंनीं मोजल्या, अकरा भरल्या. पुढें ही गोष्ट आम्ही विसरलों असें म्हणूं, तर तें खोटें होईल. तिच्याकडे पाहावयाचें आम्हीं टाळलें इतकेंच.

पुण्यास परत आल्यावर तीन आठवडे आम्ही कांहीं बोललों नाहीं. शाळेंत असतांना चोरी कबूल न करणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जें दिसे तें रोज सकाळीं आरशांत दिसूं लागलें. शेवटीं दिवाळीची साफसफाई आली, डबा निघाला, आत्याबाईंनीं फडकें ओलें केलें. आम्ही भिंग घेऊन त्यांच्यापुढें पाटावर बसलों आणि म्हणालों, "आत्या, मोजण्याच्या आधीं मला कांहीं सांगावयाचें आहे."

सर्व ऐकून घेईपर्यंत त्यांच्या हातांतील फडकें तसेंच राहिलें. मग त्यांनीं विचारलें, "शेवयांची तूं घेतलीस?"

आम्हीं होय म्हटलें.

"मला वाटे, तशी कधीं नव्हतीच," आत्याबाई म्हणाल्या. "मी सहा वर्षांची होतें, बापू मला ती उजेडांत धरून दाखवी. पुढें डब्यांत सांपडेना, तेव्हां वाटलें, लहान पोर मी, मनानेंच कांहींतरी रचलें असेल. मग एकेक करतां त्याचें जें जें आठवे त्या सगळ्याचाच मला संशय येऊं लागला रे."

याला उत्तर आमच्याजवळ नव्हतें, अजूनहि नाहीं.

कांहीं वेळानें त्याच म्हणाल्या, "आतां यांतल्या त्याच्या कोणत्या, तें तुझ्या त्या भिंगानें सांग." तीनच बदलल्या होत्या अशी आमची आठवण, परंतु नऊ वर्षांच्या मुलाच्या कबुलीवर, आणि तीहि छपन्न वर्षांनंतरच्या, कोणता न्यायाधीश विसंबेल? म्हणून डब्यावर शास्त्र चालविलें. तीन मांजराचे डोळे प्रथम बाजूला निघाले; त्यांचा प्रश्नच नव्हता. दोन गोट्यांस दोन्ही टोंकांस स्पष्ट बेंब्या होत्या. एक निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, दुसरींत मधोमध रंगीत कांचेची फीत पिळलेली. या मामांनीं आणलेल्या, आणि लाउशाच्या कात्रींतून निघालेल्या असाव्या याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. पांच अपारदर्शक, रंगांचे ढग मिसळलेल्या, बेंबीवांचूनच्या, यंत्राच्या. त्यांवर चंद्रकोरींची इतकी दाटी कीं कोणीतरी त्या फार दिवस खेळला असला पाहिजे. आम्ही खेळत होतों तेव्हां बाजारांत तशा नव्हत्या. त्या बापूच्या बाजूस ठेविल्या. राहिली एक. हिरवट, रंगाचा पट्टा नाहीं, बेंबी नाहीं, वर थोडी खरवड. सोडावॉटरच्या बाटलींतील गोटी. हिराम कॉड या इंग्रजानें १८७० नंतरच्या दोनतीन वर्षांत ती बाटली काढली. आंतील वायूच्या दाबानें गोटी गळ्यांतील रबरी कड्यास घट्ट बसते, आणि आंगठ्यानें ढकलली कीं फस्सदिशीं खालीं पडते. असल्या गोट्या १९४१ पूर्वींहि होत्या, १९६७ तहि होत्या, आमच्या खिशांतहि होत्या, आणि आजहि आहेत. आम्ही म्हणालों, "आत्या, हिचें मला सांगतां येत नाहीं. ही माझीहि असूं शकेल."

आत्याबाईंनीं ती गोटी आमच्या हातांतून काढून घेतली. भिंग त्यांनीं मागितलें नाहीं. खरवडलेल्या जागीं आंगठा फिरविला.

"ही त्याचीच," त्या म्हणाल्या. "मंडईजवळच्या दुकानाची बाटली त्यानें दगडावर फोडली, आणि तुझ्या आजोबांनीं दुकानदाराचे पैसे भरून मग घरीं त्याला बदडला. रडत रडत त्यानें ती माझ्या मुठींत लपविली. जिन्याखालीं. ही खरवड तेव्हांची, दगडाची. मूठ उघडली तों आंगठ्याला हें लागत होतें." मग थोड्या वेळानें, "म्हणजे जिना खरा होता."

त्यांनीं आठ गोट्या पुसून डब्यांत घातल्या. तीन मांजराचे डोळे पाटावर राहिले होते. ते त्यांनीं ओंजळींत घेऊन आमच्यापुढें केले. "या तुझ्या. इतकीं वर्षें सांभाळल्या मीं," एवढेंच म्हणाल्या, आणि आठपर्यंत मोठ्यानें मोजून त्यांनीं डब्याचें झांकण लावलें.